टॅन्सीचं नाव राहिलं

३ नोव्हेंबर २०१८

प्रिय ड्रू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र कचऱ्यात टाकलं नाहीस, म्हणजे अर्धं काम झालं. घाबरू नकोस, मी मरत नाहीये. डावा गुडघा सोडला तर सगळं आपापल्या जागी आहे.

काम असं आहे. आपल्या काउंटीच्या शिकारी कुत्र्यांच्या क्लबाने माझा फोटो लावायचं ठरवलंय. हॉलमध्ये त्या भिंतीवर जुने कुत्रेवाले ओळीने टांगलेत ना, त्यांच्या शेजारी. सगळे गोरे, सगळ्यांच्या मिशा सारख्या. आपल्या रंगाचं तोंड तिथे पहिल्यांदाच लागणार, म्हणून पाद्रीबुवांनी परवा प्रवचनात माझं नाव घेतलं आणि बायकांनी माझ्याकडे वळून टाळ्या वाजवल्या. मी खाली बघून बूट न्याहाळत बसलो. समारंभ फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी, जेवणासकट.

त्यासाठी त्यांना माझ्या कुत्र्यांची यादी हवी. नाव, साल, आणि कुत्रा कसा होता ते दोन ओळींत. कुत्रे मला सगळे आठवतात, सालं एकही नाही. तुला लहानपणापासून सालं पाठ. तेव्हा मी लिहितो, तू चुका काढ. तुला ते नेहमीच आवडायचं.

सुरुवात डीकनपासून. तपकिरी ठिपक्यांचा पॉइंटर, चेहरा असा गंभीर की चर्चची वर्गणी गोळा करायला निघालाय. लाव्यांचा वास लागला की जागच्या जागी थिजायचं, पॉइंट धरायचा, हे तर कोणताही बरा कुत्रा करतो. डीकनची खासियत मान देण्यात. दुसरा कुत्रा पॉइंटवर दिसला की हा मागे जिथल्या तिथे उभा. शेपूटही हलणार नाही. एकदा हरवला, दोन तास सापडेना. शेवटी मिसेस टटलच्या फाटकाशी सापडला. तिच्या फाटकावर सिमेंटचा कुत्रा होता ना? हा त्याला मान देत उभा! ती म्हणाली, "झीक, तुझं पोर सकाळपासून उभंय. मी पाणी ठेवलं तर बघेना. मला वाटलं, प्रार्थना चाललीय."

ते साल १९७६ की ७७? कळव.

तुझा,
डॅडी


१९ नोव्हेंबर

प्रिय ड्रू,

उत्तर आलं नाही. टपालवाल्याला मी रोज विचारतो. आता तो मला बघितलं की लांबूनच मान हलवतो.

यादीत पुढचा सॅटरडे. शनिवारी जन्मला म्हणून सॅटरडे, यापलीकडे आमचं डोकं चाललं नव्हतं. हा तुला नक्की आठवेल. उत्तरेकडे डकोटाच्या गवताळ रानात आपण जुलैत कुत्रे शिकवायला घेऊन जायचो, त्या वर्षी तू नऊ वर्षांची होतीस आणि ट्रकमध्ये पुढे बसायला तयार नव्हतीस. दोन दिवस मागे, कुत्र्यांच्या पेट्यांमधल्या गवतावर झोपून आलीस. उतरलीस तेव्हा तुझ्या अंगाला असा वास येत होता की तुझ्या आईने तुला आधी नळाखाली धरलं आणि मग मिठी मारली. त्या उन्हाळ्यात तूच मला सांगितलंस, "डॅडी, सॅटरडे थांबायच्या आधी डावा कान मागे घेतो." मी तीन वर्षं त्या कुत्र्याबरोबर होतो, मला दिसलं नव्हतं. त्या दिवशी मला कळलं की या पोरीच्या अंगात ते आहे. मी तुला तसं म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं.

मग बिस्किट. नाव बिस्किट आणि खाणंही तेच. चर्चच्या सहलीत सिस्टर हॅटीने आणलेला मक्याच्या पावाचा अख्खा तवा त्याने साफ केला. पाद्रीबुवा डोळे मिटून अन्नासाठी देवाचे आभार मानत होते. डोळे उघडले तर तवा रिकामा आणि बिस्किट शेजारी बसून त्यांच्याकडे भक्तिभावाने बघतोय. कुत्रा म्हणून सामान्यच. पण कंटाळा म्हणून कधी आला नाही त्याचा.

बडी प्रुएट येऊन गेला. मी ज्यांचे कुत्रे शिकवायचो त्या म्हाताऱ्या प्रुएटसाहेबांचा मुलगा, आता इस्टेट त्याचीच, क्लबाचा अध्यक्षही तोच. व्हरांड्यात बसून ताक प्यायला आणि म्हणाला, "झीक, यादी लवकर दे. आणि छताची गळती मी बघतो." घर अजून त्यांचंच आहे, हे तुला माहीत आहे. साहेबांनी मला तोंडी दिलेलं, मरेपर्यंत राहा म्हणून. कागद नाही.

सालं कळव.

डॅडी


२ डिसेंबर

ड्रू,

तुझं कार्ड आलं. वर तुझ्या दुलुथच्या बर्फाचं चित्र, आत एवढंच, "यादीत एक नाव राहिलंय."

मी कार्ड फ्रिजवर लावलंय. सत्तावीस वर्षांत नाताळ सोडून आलेलं तुझं हे पहिलंच टपाल आहे.

बरं. टॅन्सीबद्दल काय लिहू? काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची सेटर, तुझी तू वाढवलेली, पहिल्या दिवसापासून तुझी. तू तेवीस वर्षांची. स्पर्धेत स्वतःच्या नावावर कुत्री उतरवणारी आपल्या भागातली पहिली मुलगी. मी तुझा स्काउट, म्हणजे कुत्री नजरेआड गेली की घोड्यावरून शोधून काढायची आणि उभी सापडली तर हॅट वर करून ओरडायचं, एवढंच माझं काम. ती टेकडीपलीकडे गेली. वीस मिनिटांत सापडली नाही म्हणून बाद झाली. नंतर मला रस्त्यापलीकडे हरणामागे पळताना मिळाली. पक्ष्यांच्या कुत्रीने हरणामागे जाणं याहून मोठी नाचक्की नाही. पुढचं तुला माहीत आहे. अशी कुत्री यादीत कशी घालायची?

बाकी ती शेवटी खूप सुखात होती. व्हरांड्यात पूर्वेच्या कोपऱ्यात झोपायची, तुझ्या आईच्या जुन्या कोटावर.

डॅडी


३ डिसेंबर

ड्रू,

काल पत्र पेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंत लक्षात आलं की मी काय लिहून बसलोय. तू टॅन्सी त्या शेंगदाणे पिकवणाऱ्या शेतकऱ्याला देऊन टाकलीस, गोठ्याची राखण करायला. मग ती माझ्या व्हरांड्यात कशी आली, हे तू विचारणारच. टपालवाल्याकडे पत्र परत मागितलं. म्हणाला, "मिस्टर मॉस्ली, पेटीत पडलं की ते सरकारचं."

तर ऐक. तू उत्तरेला निघून गेलीस त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी जाऊन तिला परत आणलं. दहा वर्षं ती माझ्याकडे होती. तुला कळवलं नाही. का, ते लिहायला मला जरा वेळ दे.


९ डिसेंबर

प्रिय ड्रू,

हे मी आज सकाळी चर्चला न जाता लिहितोय. कॉफी दोनदा गार झाली.

टॅन्सी हरणामागे गेली नव्हती.

टेकडी उतरल्यावर रानप्लमच्या जाळीशी ती मला उभी दिसली. पॉइंटवर. ती नजरेआड होऊन बारा मिनिटं झाली होती. मी हॅट काढली. वर करून ओरडायचं तेवढं बाकी होतं. तू, दोन्ही परीक्षक, सगळे टेकडीच्या त्या बाजूला माझ्या आवाजाची वाट बघत होतात. मी हॅट छातीशी धरली आणि तोंड मिटून घोड्यावर बसून राहिलो.

त्या सकाळी प्रुएटसाहेबांचा कुत्रा मेजर धावला होता आणि पुढे होता. जीन कसताना साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "काय झीक, आज आपलाच मेजर ना?" धमकी नव्हती. हसून म्हणाले. पण त्यांच्या कुत्र्याला त्यांच्याच नोकराच्या पोरीने सगळ्या काउंटीसमोर हरवायचं, हे त्यांना रुचलं नसतं, आणि मी, तुझी आई आणि तू, तिघंही त्यांच्या छताखाली. मेजरही मीच शिकवलेला. टॅन्सीसमोर तो काही नव्हता, हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मला कुणी सांगितलं नाही असं कर म्हणून. मी माझ्या मनाने भ्यालो.

घड्याळ बघत बसलो. आठ मिनिटं. ती हलली नाही. वीस मिनिटं उलटल्यावर मी घोडा तिच्यापुढे घातला, लावे उडवून लावले, म्हणजे मागे कुणी आलं तर काही सापडू नये. चौदा-पंधरा होते. मग तिच्या गळ्यात दोरी घालून वर आलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "हरणामागे होती."

तू माझा शब्द खरा मानलास. का नाही मानणार? मी तुझा बाप आणि तुझा स्काउट. तू दोरी काढून तिला चार वेळा मारलंस. मी घोडा धरून बघत होतो. मी मोजत होतो, म्हणून मला आकडा माहीत आहे. ती पळाली नाही. ती तुझ्या बुटाशी बसली.

आणि तेवढ्याने भागलं नाही म्हणून वर म्हणालो, "मी सांगितलं होतं, हे पोरीबाळींचं काम नाही." लोक हसले. तू त्या वाक्यावरून घर सोडलंस असं तू समजतेस. ते वाक्य मी खोटं झाकायला बोललो होतो.

तुझ्या आईला मी त्याच आठवड्यात सांगितलं. ती म्हणाली, "हे तू तिला सांगायचंस, झीक. मी नाही सांगणार." मग सतरा वर्षं तिने मला दोन वेळचं गरम वाढलं आणि त्यावर एक अक्षर बोलली नाही. तिच्या अंत्यविधीला तू दोन दिवस आलीस. माझ्या तोंडाशी आलं होतं. तू पायऱ्यांवर बसून बूट घालत होतीस. मी म्हणालो, "प्रवासात जपून." मेलो असतो तर बरं, असं त्या दिवशी वाटलं.

आता यादीचं निमित्त होतं, हे तुला कळलंच असेल. सालं मला आठवतात.

डॅडी


दुलुथ, ६ जानेवारी २०१९

डॅडी,

तुमचं पत्र वाचून मी चार आठवडे काहीच लिहिलं नाही. शाळेची बस चालवते, पंचेचाळीस पोरं मागे असतात, म्हणून नीट चालवायला लागते. नाहीतर काय केलं असतं देव जाणे.

तुमच्यावर चिडायला मला नंतर वेळ मिळेल. आधी मला तिचं सांगा. सत्तावीस वर्षं मी स्वतःला सांगत आलेय की कुत्री वाईट निघाली, मार बरोबर होता, जरा जास्त होता इतकंच. तिने माझ्या बुटाशी बसून वर बघितलं होतं. मला वाटलं होतं, माफी मागतेय. तुम्हाला कल्पना आहे का मी काय काय वाटून घेतलं?

तुम्ही घोडा धरून उभे होतात. तुम्ही एक शब्द बोलला असतात तर माझा हात थांबला असता. एक.

दोनच प्रश्न विचारते. ती खरंच नीट उभी होती का, की आता तुम्ही माझ्यासाठी सजवून सांगताय? आणि त्या मारानंतर ती पुन्हा कधी उभी राहिली का? गोलगोल लिहू नका.

ड्रुसिला


१४ जानेवारी

प्रिय ड्रू,

गोल लिहीत नाही.

नीट उभी होती. वारा तिच्या उजव्या बाजूने येत होता. ती धावता धावता वळली असणार, कारण अंग अजून पुढच्या दिशेला आणि मान जाळीकडे मुरडलेली. पुढचा डावा पाय उचललेला, तो तिने आठ मिनिटांत एकदाही टेकला नाही. शेपूट सरळ वर, टोकाचे केस तेवढे वाऱ्याने हलत होते. तोंडातून लाळेची तार लोंबत होती आणि ती गिळत नव्हती. मी साठ वर्षांत हजारो पॉइंट पाहिले. यादीत ज्यांची नावं आहेत त्यांतल्या कुणाचाही असा नव्हता. आणि तो मी एकट्याने पाहिला, ज्याला तो पाहायचा हक्क नव्हता.

दुसरा प्रश्न. आपल्या धंद्यात डोळेझाक म्हणतात तो रोग तुला माहीत आहे. पक्ष्यांपाशी मार खाल्लेला कुत्रा लाव्यांचा वास आला की पाठ फिरवतो, काही कळलंच नाही असं दाखवून भलतीकडे हुंगायला लागतो. कुत्र्याला तो रोग जन्मतः होत नाही, माणूस लावतो. टॅन्सीला तो लागला. तिला वाटलं, तिने लावे दाखवले म्हणून मार बसला. शेंगदाणेवाल्याकडून आणल्यावर मी तिला रानात नेलं, तर वास लागताच तिने मान खाली घातली आणि माझ्या मागे येऊन चालायला लागली. जणू काय मीच पुढे जाऊन बघावं. मी नाना उपाय केले. गोडीगुलाबी केली, लहान पिल्लांबरोबर सोडली, हातातलं खाणं दिलं. दहा वर्षं ती लाव्यांना पाठ दाखवत राहिली. बाकी वागायला लोण्यासारखी. तुझ्या आईच्या पायात पाय घालून स्वयंपाकघरात फिरायची.

पण एकदा उभी राहिली. ते मी कुणालाच सांगितलं नाही, तुझ्या आईलाही नाही.

२००१च्या ऑक्टोबरात. ती बारा-तेरा वर्षांची, कान जवळजवळ गेलेले, कंबर दुखायची. आम्ही दोघं म्हातारे चर्चमागच्या पडीक शेतातून पाय मोकळे करायला चाललो होतो. मी वीसेक पावलं मागे. ती थांबली. मला वाटलं, दमली. मग पाय वर गेला, तोच डावा. शेपूट तेवढी सरळ होईना, वयामुळे, थरथरत वर आली.

आणि तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं. पॉइंटवरचा कुत्रा मागे बघत नाही. तिने बघितलं, मार येतोय का ते.

मी गवतात बसलो. गुडघा तेव्हाही असाच होता, पण बसलो. हात मांडीवर ठेवले, तिला दिसतील असे. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात हलवायची सोय नव्हती. तिने बराच वेळ बघितलं, मग मान पुढे केली आणि उभी राहिली. लावे उडाले नाहीत. ते एकामागोमाग एक चालत गवतातून बाहेर आले, वाट ओलांडली आणि दुसऱ्या शेतात निघून गेले. सगळे गेल्यावर तिने पाय टेकला आणि येऊन माझ्या अंगावर टेकली.

डिसेंबरात ती गेली. झोपेतच.

त्या ऑक्टोबरात तुला फोन करायचा होता. नंबर तुझ्या आईकडे होता. मी रिसीव्हर उचलून पुन्हा खाली ठेवला, हे मी तेव्हाही केलं आणि पुढेही बऱ्याचदा केलं.

डॅडी


४ फेब्रुवारी

ड्रू,

शनिवारी समारंभ झाला. तू येणार नव्हतीस ते मला माहीत होतं, तरी दाराकडे दोनदा बघितलं.

यादी वाचून दाखवायची होती. मी डीकन, सॅटरडे, बिस्किट वाचले, लोक मनमुराद हसले. मग टॅन्सीचं नाव घेतलं आणि सगळं सांगितलं. मेजरचं, घड्याळाचं, हरणाचं, तुझ्याबद्दल बोललेल्या त्या वाक्याचं. कागद हातात होता, पण बघावं लागलं नाही.

बडी प्रुएट उठून माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "झीक, माझ्या डॅडींना जाऊन अकरा वर्षं झाली. आता कशाला?" मी म्हटलं, "त्यांच्यासाठी नाही सांगत." तो जागेवर जाऊन बसला. फोटो लावायचं राहूनच गेलं. रताळ्याची गोड पाई मात्र सगळ्यांनी खाल्ली.

पाद्रीबुवा गाडीपर्यंत आले. त्यांचा चेहरा पडला होता. "ब्रदर मॉस्ली, त्या भिंतीवर आपला एक माणूस बघायचा होता मला." मी म्हटलं, "मलाही." त्यांना याहून काय सांगणार? म्हातारा रॉस्को, जो त्या दिवशी परीक्षकांचे घोडे सांभाळत होता, तो एकटा हसला. म्हणाला, "मला तेव्हाच खटकलं होतं. त्या बाजूला हरणाचा एक माग नव्हता." मी विचारलं, "मग बोलला का नाहीस?" तर म्हणतो, "तू का नाही बोललास?"

छताची गळती बघायला अजून कुणी आलेलं नाही. फाटकाशी गाडी थांबली की मी उठून बघतो. फोटो चौकटीसकट माझ्या घरच्या कपाटात आहे. हवा असेल तर पाठवतो, नको असेल तर राहू दे.

तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, असं लिहिणार होतो. चालणार नाही.

डॅडी


दुलुथ, २० फेब्रुवारी

डॅडी,

रॉस्कोच्या मुलीने मला फोन करून सगळं सांगितलं, तुमचं पत्र यायच्या आधीच. म्हणाली, तुम्ही उभे राहून बोललात, टेबलाला धरून.

मी "माफ केलं" असं लिहायला बसले होते. तीन वेळा लिहिलं, तीनदा फाडलं. ते अजून खरं नाही आणि आपल्या घरात खोटं पुष्कळ झालं. तेव्हा ते राहू दे. होईल तेव्हा तुम्हाला कळेल.

तुम्हाला एक माहीत नाही. मी कुत्रे कधीच सोडले नव्हते. इथे आल्यापासून ही चौथी सेटर. तिघींना मी शिकवलं, दोघी वयाने गेल्या, एक नदीच्या बर्फात गेली. त्यांच्याबद्दल तुम्हाला कधीतरी लिहीन, तुमच्यासारखं. एकीवरही मी हात उचलला नाही. ते चांगुलपणाने नाही, धाकाने. दोरी उचलली की मी ती लगेच खाली ठेवते. आता तुम्हाला कारण माहीत आहे, मलाही.

चौथी अकरा महिन्यांची आहे. नाक असं की मला भीती वाटते. पण मी जवळ गेले की पॉइंट मोडते, पक्ष्यांवर उडी घेते. माझ्यातच काहीतरी आहे, ते तिला कळतं. मी घाईत जाते, उभी आहे की नाही या शंकेने. मला लांबून बघणारं कुणीतरी हवं.

शाळेला मार्चमध्ये सुट्टी आहे. तिला घेऊन येतेय, दोन दिवसांचा रस्ता. बडीने घर काढून घेतलं असेल तर पत्ता कळवा, तिथे येईन. माझ्यासाठी स्वयंपाक करू नका, तुमचा मक्याचा पाव मला आठवतो. घोडा नको, गुडघ्याला झेपणार नाही, बाकावर बसा. कुत्रीला हात लावायचा नाही. तिला काही शिकवायचं नाही.

ती उभी राहिली की लगेच मला ओरडून सांगायचं. एवढं एकच काम तुमच्याकडे.

ड्रू